सातवी हळद

करंजपाड्याच्या राहीला उभ्या आयुष्यात कधी गाणं सुरू करावं लागलं नव्हतं. सुरू करायला जिवली होती.

शहापूरहून भातसानगरच्या बाजूला निघालं, की वाटेत एका फाट्यावरून आत डोंगराच्या पायथ्याशी रस्ता जातो, तिथे पंचवीस-तीस घरांचा हा पाडा. लग्नात धवळे म्हणणाऱ्या बाईला तिकडे धवलारीण म्हणतात, आणि धवलारीण कधी एकटी नसते. दोघींची जोडी असते. एक पुसणारी, एक सांगणारी. पुसणारी सुरात विचारते, ‘पयली हळद गो कुणाच्या माथी?’ तिचा सूर खाली यायच्या आत सांगणारी तो उचलते, ‘मांडवाच्या उंबराच्या माथी.’ मग दुसरी हळद चुलीच्या धोंड्यांना, तिसरी विहिरीला, चौथी उखळाला, पाचवी वाघदेवाला, सहावी पाड्याच्या शिवेला. सातवी झाली की मगच नवरीच्या गालाला बोट लागतं. भटजी येवो न येवो, अक्षता पडोत न पडोत, या सात हळदी झाल्याशिवाय पाड्यावरच्या पोरीचं लग्न लागलं असं म्हातारी माणसं मानत नाहीत.

जिवली पुसणारी, राही सांगणारी. बेचाळीस वर्षं.

आणि जिवली गाण्यातच काय, जात्याच पुसणारी होती. एसटीत चढली की कंडक्टरला विचारायची, “बाबा, जेवलास का? कोन गावचा? लेकरं किती?” आणि या चौकशीत तिकीट काढायचं राहून जायचं. शहापूरच्या बाजारात दोघी एकाच गोणपाटावर शेवळांच्या रानभाजीच्या जुड्या आणि करवंदं घेऊन बसायच्या, तर गिऱ्हाइकाने भाव विचारायच्या आत जिवलीच त्याला विचारायची, की घरी कोण कोण आहे, शेवळं कशात शिजवता, चिंच घालता की काकडाची आंबट फळं. भाव सांगायचं काम राहीचं. ही बाई बोलते कमी, पण विचारलं तर नेमकं सांगते, हे जिवलीने फार पूर्वीच हेरलं होतं. राही नवी नवरी होऊन पाड्यावर आली, त्या वर्षी भातलावणीत जिवलीने गुडघाभर चिखलात उभं राहून तिला सुरातच टाकलं होतं, ‘नवी गो सून कोणच्या गावची?’ आणि राहीने मान वरही न करता, रोप लावता लावता त्याच सुरात आपल्या गावाचं नाव सांगितलं. बांधावर बसलेल्या सासूने कपाळाला हात लावला. जिवलीने मात्र त्या दिवशीच आपली जोडीदारीण नक्की केली.

राहीचा नवरा बुधू लवकर गेला. मुलगा रामू मोठा झाला, पडघ्याला गोदामात लागला, तिकडेच खोली घेऊन राहिला. राहीचं घर रिकामं झालं, पण तिला ते फारसं कळलं नाही, कारण कुडापलीकडून सकाळीच आवाज यायचा, “राही गो, चूल पेटवलीस का? पानी आनलंस का? काल बोंबील आनलेलास, ठेवलास का सगला खाल्लास?” राही एकेका सवालाला जाब देत देत दिवस लोटायची. एवढं कटकटीचं शेजारपण आपल्याला मिळालं म्हणून ती कधीकधी कुरकुरतसुद्धा असे.

गेल्या भादव्यात, भात पोटरीला आलं होतं तेव्हा, जिवली सकाळी ओट्यावर बसली होती. जीव कसासाच होतोय म्हणाली. राही विळा घेऊन निघाली होती. जिवलीने विचारलं, “आज कोनता वार गो?” राही म्हणाली, “बेस्तरवार.” आणि शेतावर गेली. दुपारी परत आली तेव्हा ओट्यापुढे माणसं जमली होती.

दहाव्याला, बाराव्याला राही राबली. भाकऱ्या थापल्या, पाहुण्यांना पाणी दिलं, जिवलीच्या सुनेला धीर दिला. रडली मात्र नाही. आणि आणखी एक गोष्ट तिने केली नाही, ती कुणाच्या लक्षात यायला वेळ लागला. जिवलीचं नाव तिने त्या दिवसापासून घेतलं नाही. बोलायचं झालं तर ‘ती’ म्हणायची. ‘तिची कोयती’, ‘तिची शेळी’. ऐकणाऱ्याला कळायचं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

एकटेपण म्हणजे काय ते राहीला त्यानंतर समजलं. लोकांना वाटतं, एकट्या बाईशी कुणी बोलत नाही. तसं काही नसतं. राहीशी सगळे बोलायचे. रामू रविवारी फोन करायचा आणि सांगायचा, गोळ्या घे, थंडीत बाहेर निजू नको, इकडे ये राहायला. जिवलीची सून सांगायची, डाळ जास्त झालीय, घेऊन जा. आशाताई येऊन सांगायची, बीपी तपासायला चला. प्रत्येकजण तिला काही ना काही सांगत होता. विचारत कुणी नव्हतं. दिवसच्या दिवस असे जायचे की राहीला कुणी एक सवाल केलेला नसे, आणि ज्या बाईने बेचाळीस वर्षं फक्त सवालाला जाब दिला तिच्या तोंडातून मग शब्दच निघत नसे. ती शेळीला चारा टाकायची, भात रांधायची, जेवायची आणि कुडाकडे तोंड करून पडायची. फार वाईट दिवस होते ते.

माघात एका सकाळी जिवलीचा मुलगा हनुमान राहीच्या अंगणात आला. हनुमान धरणाच्या कॉलनीत पंपावर कामाला, बोलायला बापासारखा सावकाश. त्याची मुलगी हर्षाली आसनगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची, तिचं किन्हवलीकडच्या मुलाशी जमलं होतं. घरात माणूस गेलेलं, म्हणजे लग्न एकतर वर्षाच्या आत करायचं नाहीतर तीन वर्षं थांबायचं. वैशाखातली तारीख धरली होती.

“डीजे सांगितलाय,” हनुमान म्हणाला. “पोरं ऐकत नाय. पन आये बोललेली, हर्षूची हळद धवळ्याबिगर नाय. काकी, तू बसशील ना?”

पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणी राहीला काही विचारलं होतं. सवयीने तिच्या तोंडून लगेच जाब गेला, “बसन.” हनुमान समाधानाने निघून गेला, आणि मग राहीच्या ध्यानात आलं की आपण काय कबूल करून बसलो.

अडचण दोन प्रकारची होती. पहिली सगळ्यांना दिसणारी. पुसणारी नव्हती. आजूबाजूच्या पाड्यांवर धवळे येणाऱ्या म्हाताऱ्या संपल्या होत्या आणि तरण्या बायांना मोबाइलवरची गाणी येत होती.

दुसरी अडचण राहीने कुणालाच सांगितली नाही. ती सातव्या हळदीची होती. सातवी हळद घरातल्या गेलेल्या माणसांची. पुसणारी विचारते, ‘सातवी हळद गो कुणाच्या नावी?’ सांगणारी एक नाव घेते. नवरी पळसाच्या पानावर एक चिमूट ठेवते. पुसणारी पुन्हा विचारते, ‘आनखी गो कुणाच्या नावी?’ पुन्हा एक नाव, पुन्हा एक चिमूट. सगळी नावं झाली की ते पान ओढ्याला सोडतात. ज्याचं नाव राहिलं तो मांडवाबाहेर उन्हात उभा राहतो, त्याला कुणी बस म्हणत नाही, अशी समजूत. आणि ज्याचं नाव घेतलं तो सुटला. मग तो घरचा उरत नाही, त्याची वाट बघायची नसते, त्याला हाक मारायची नसते. राहीने आजवर शंभर घरांतली शेकडो नावं अशी सुरात घेतली होती, तिचा आवाज कधी कापला नव्हता. पण हनुमानच्या घरचं पान मांडलं की त्यावर एक चिमूट कुणाची पडणार हे तिला ठाऊक होतं, आणि ते नाव सांगणं तिच्याच वाट्याला होतं.

नाव घेतलं नाही तोवर जिवली कुठेतरी गेलेली आहे, बाजाराला म्हणा, म्हशाच्या जत्रेला म्हणा, असं राहीने मनाशी ठेवलं होतं. हसण्यासारखं आहे, पण पासष्टीच्या बाईने मनाशी काय ठेवावं ते दुसऱ्याने कशाला ठरवायचं.

साईनाथ कासार लग्नाचे चुडे भरायला शहापूर-मुरबाडची गावं पालथी घालायचा. राहीने त्याला गाठलं. तो म्हणाला, मुरबाडकडे वडाच्या वाडीला सोमी म्हणून आहे, धवलारीण, तिचीही जोडीदारीण तीन वर्षांमागे वारली.

“ती पुसनारी हाय का सांगनारी?” राहीने विचारलं.

“ते मला काय ठावं?” साईनाथ म्हणाला. “मी हात बघतो बाई, तोंड नाय बघत.”

एकटी राहिलेली आहे आणि अजून कुणाकडे बसत नाही, म्हणजे सांगणारीच गमावून बसलेली पुसणारी असणार, असा राहीने आपल्या सोयीचा अर्थ काढला. शहापूरहून किन्हवली, किन्हवलीहून सरळगाव, तिथून शेअर रिक्षा आणि पुढे चालत, अशी ती फाल्गुनातल्या एका सकाळी वडाच्या वाडीला पोचली. सोमी अंगणात शिराटे घेऊन झाडू बांधत बसली होती. बुटकी, जाडी, कपाळभर गोंदलेली. राहीने कशासाठी आलो ते सांगितलं. सोमीने झाडू बाजूला टाकला, कोरा चहा केला, पदर कानामागे खोचला आणि भिंतीला पाठ टेकून बसली. राहीही समोर बसली. पाठ ताठ, हात मांडीवर.

दोघी थांबल्या.

शेळीचं पिल्लू मधून गेलं. सोमी खाकरली. राही खाकरली. सोमीने मान हलवून होकार दिला. राहीनेही मान हलवली. वडावर कावळा ओरडून उडाला, शेजारच्या घरात कुणीतरी मिक्सर लावून बंद केला, चहा निवून गेला, तरी गाणं काही सुरू होईना.

“कर ना गो सुरू,” शेवटी सोमी म्हणाली.

“तू कर. मी सांगनारी.”

सोमीचे डोळे मोठे झाले. “आगो बया! मी पन सांगनारीच!”

पहिल्यांदा सोमी हसली. मग राही. हसता हसता सोमीचा चहा लुगड्यावर सांडला, त्यावर दोघी आणखी हसल्या, आणि राहीला एकदम जाणवलं की आपण हसतोय. सहा महिन्यांनी तिच्या गळ्यातून तो आवाज निघाला होता. तिने निवलेला चहा एका घोटात संपवला.

त्या दुपारी दोघींनी काय केलं असेल? एकमेकींना जाबच सांगत बसल्या. सवाल कुणी केलाच नाही. सोमीकडे तिसरी हळद विहिरीला नव्हती, जात्याला होती. वाघदेवाला त्यांच्याकडे एक ओळ जास्त होती, ती राहीला इतकी आवडली की तिने चारदा म्हणायला लावली. दोघींचे सूर एकाच बाजूने एकत्र जात होते. राहीचा जाड, सोमीचा किंचित नाकातला. कुणाशी तरी बरोबरीने गाता येतं, मागून उचलावंच लागतं असं नाही, हे दोघींनाही नवीन होतं. उन्हं उतरली तेव्हा सोमी म्हणाली, “माझी पुसनारी माझी नणंदच. ती गेल्यापासून मी तोंड उघडलं नव्हतं गो. भांडायला पन नाय.”

पण हळदीला पुसणारी लागतेच. कुणीतरी एकीने बाजू बदलायला हवी होती. सोमी काही बोलायच्या आत राही म्हणाली, “मी पुसन. तू सांग.”

सोमीला नवल वाटलं. आयुष्यभराची सवय मोडायची म्हणजे सोपं काम नव्हे, आणि ही बाई घाईघाईने ते आपल्या अंगावर घेत होती. राहीने कारण सांगितलं नाही. कारण सरळ होतं. पुसणाऱ्या बाईला नावं घ्यावी लागत नाहीत.

“बरं,” सोमी म्हणाली. “मंग त्या घरची गेलेली मानसं सांग. मना ठावं पायजेत.”

राही बोटांवर मोजू लागली. “देवराम. पोरीचा आजा.” अंगठ्याजवळचं बोट मिटलं. “महिपत. त्याचा भाऊ.” दुसरं बोट. “पोरीची एक धाकटी बहीन, बारशाच्या आधीच गेली, तिला चिमी बोलायची.” तिसरं. करंगळी सरळ राहिली. राही त्या करंगळीकडे बघत होती.

“झाली?” सोमीने विचारलं.

“झाली,” राही म्हणाली.

ती खोटं बोलली नाही, असं तिने परतीच्या एसटीत स्वतःला बजावलं. पुढच्या खेपेला सांगू. आणखी तीन खेपा झाल्या. मुरबाड आणि शहापूरच्या मध्ये किन्हवली, म्हणून दोघी किन्हवलीच्या एसटी शेडमध्ये भेटायच्या. येणारे-जाणारे बघायचे, कॉलेजच्या पोरी मोबाइल काढायच्या. सोमी त्यांना हात करायची. राही पुसायला शिकत होती. सवाल पाठ होते, पण घशातून पहिला सूर काढताना तिला कुणीतरी मागून ढकलल्यासारखं व्हायचं. सोमी म्हणायची, “जोरात पूस गो, घाबरतंस काय, मी हाय ना.” प्रत्येक खेपेला निघताना राही चौथं नाव सांगायला तोंड उघडायची, आणि प्रत्येक खेपेला एसटी लागायची. सोमीला एवढंच ठाऊक होतं की राहीची कुणी जोडीदारीण होती, ‘ती’ गेली. लग्न शेजारच्या हनुमानच्या पोरीचं आहे. ‘ती’ आणि हनुमानची आई एकच, हे राहीने सांगितलंच नव्हतं, आणि सोमीने आपल्या स्वभावाप्रमाणे विचारलं नव्हतं. सांगणाऱ्या दोघी एकत्र आल्या की असं होतं.

वैशाखात हळदीचा दिवस आला. हनुमानने अंगणात मांडव घातला होता, जांभळीच्या डहाळ्या टाकल्या होत्या, मध्ये उंबराची फांदी रोवली होती. मांडवाच्या तोंडाशी डीजेचे डबे माणसापेक्षा उंच रचलेले. दुपारी तीनला हनुमानने जाऊन तो बंद करवला. डीजेवाला घड्याळ दाखवून म्हणाला, अर्धा तास, पब्लिक जाईल. हनुमान सावकाश म्हणाला, “जाऊ दे.”

हर्षाली पिवळी साडी नेसून पाटावर बसली. तिच्या पुढ्यात हळदीची वाटी आणि पळसाचं पान. तिच्या उजव्या हाताला पुसणारीची जागा, डाव्या हाताला सांगणारीची. राही उजवीकडे बसली. त्या जागेवर ती कधी बसली नव्हती. तिथून मांडव वेगळाच दिसत होता.

तिने डोळे मिटले आणि सूर काढला. ‘पयली हळद गो कुणाच्या माथी?’

आवाज फाटला, पण निघाला. सोमीने तो अलगद उचलला. ‘मांडवाच्या उंबराच्या माथी.’ हनुमानच्या बायकोने उंबराला बोट लावलं. दुसरी हळद झाली, तिसरी झाली. आवाज बसत गेला. पलीकडच्या पोरींनी मोबाइल वर धरले, म्हातारे ओट्यावरून उठून मांडवात आले. पाचव्या हळदीला सोमीने आपली जास्तीची ओळ टाकली आणि राहीला हसू फुटलं. मनात आलं, आपल्याला हे येतंय. त्या क्षणी ती खरोखर सुखात होती, आणि पुढे काय आहे ते विसरली होती म्हटलं तरी चालेल.

‘सातवी हळद गो कुणाच्या नावी?’

‘देवराम गेला, त्याच्या नावी.’ हर्षालीने पानावर चिमूट ठेवली.

‘आनखी गो कुणाच्या नावी?’

‘महिपत गेला, त्याच्या नावी.’ चिमूट.

‘आनखी गो कुणाच्या नावी?’

‘चिमी गेली, तिच्या नावी.’ हनुमानची बायको पदर तोंडाला लावून उभी होती.

‘आनखी गो कुणाच्या नावी?’ राहीने विचारलं, कारण गाणं तसंच आहे.

‘झाली नावं गो, झाली नावं,’ सोमीने सूर खाली आणला, आणि घाम पुसायला पदर उचलला.

हर्षालीचा हात वाटीवरच राहिला. बोटांत चौथी चिमूट होती. तिने सोमीकडे बघितलं, मग राहीकडे.

“आनि आजी?” ती म्हणाली. “माझी आजी राहिली.”

मांडवात कुजबुज झाली. ओट्यावरचा एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, पाहुनी बाई हाय, तिला काय ठावं. सोमी गोंधळली. हर्षालीकडे वाकून तिने नाव विचारलं आणि हर्षालीने ते तिच्या कानात सांगितलं. आता खरं तर काही अडचण नव्हती. सोमीच्या तोंडात नाव आलं होतं, एक ओळ गायची की संपलं. तिने तोंड उघडलंही.

पण तिची नजर राहीवर गेली. राही पाठ ताठ करून बसली होती, हात मांडीवर, उजव्या हाताची करंगळी तेवढी सरळ. डोळे पानावर. सोमीने तोंड मिटलं. त्या करंगळीवरून की राहीच्या चेहऱ्यावरून, कशावरून ते तिचं तिला ठाऊक, पण तिला सगळं कळलं.

ती उठली. हर्षालीच्या मागून वळसा घालून उजवीकडे आली आणि राहीला कोपराने ढोसलं. “सरक गो.”

राहीने वर बघितलं.

“सरक. तुझ्या जागी जा.”

राही उठली आणि डावीकडे जाऊन बसली. सोमी पुसणारीच्या जागेवर बसली. आयुष्यात कधी तिने पुसलं नव्हतं, नणंदेच्या मागून उचलण्यातच तिचं सगळं गेलं होतं. पहिला सूर तिला सापडेना. मग सापडला तो फारच वर लागला, पोरींपैकी एक हसली आणि लगेच गप्प झाली.

‘आनखी गो कुणाच्या नावी?’

मांडवात कुणी हललं नाही. डीजेवाल्याने घड्याळ बघितलं नाही.

‘आनखी गो कुणाच्या नावी?’

“जिवली,” राही म्हणाली. नुसतीच म्हणाली, सुरात नाही. आठ महिन्यांनी ते नाव तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं, आणि ते इतकं लहान आलं की शेजारच्या हर्षालीलाच काय ते ऐकू गेलं. हर्षालीने हात पुढे केला. सोमीने मानेने नाही म्हटलं. नाव सुरात यावं लागतं, नाहीतर ते पोचत नाही.

सोमीने तिसऱ्यांदा विचारलं. या खेपेला हळू, जवळून, चूल पेटली का विचारावं तसं.

‘आनखी गो कुणाच्या नावी?’

राहीने तो सूर उचलला. ‘जिवली गेली, तिच्या नावी.’ मधोमध आवाज कापला, पण ओळ तुटली नाही. तिने ती शेवटपर्यंत नेली आणि खाली ठेवली. हर्षालीने पानावर चिमूट ठेवली. मग राहीने स्वतःच म्हटलं, ‘झाली नावं गो, झाली नावं,’ आणि हनुमानने पान उचललं.

पुढचं सगळं लग्नघरात होतं तसं झालं. नवरीला हळद लागली, पोरांनी एकमेकांना फासली, डीजे सुरू झाला तो ओढ्यापर्यंत ऐकू जात होता. सोमीच्या हातात हनुमानच्या बायकोने खण-नारळ दिला. साडेपाचची शेवटची एसटी होती, म्हणून राही तिला सोडायला फाट्यापर्यंत गेली. दोघींच्या गालाला, कानाला हळद लागलेली.

“तू मना आधी सांगायला पायजे होतंस,” सोमी म्हणाली.

“हां.”

“आता घरी जाऊन काय करशील?”

“भात टाकीन. खाईन.”

“आनि मंग?”

“मंग रडंन,” राही म्हणाली.

“रड,” सोमी म्हणाली. एसटी आली, ती पदर सावरत चढली, आणि खिडकीतून ओरडली, “राही गो, सोमवारी येतेस ना किनवलीला?” राहीने “येतंय” म्हटलं, पण गाडी तोवर हलली होती.

मग ती एकटीच पाड्याच्या वाटेला लागली. डीजेचा धडधडाट समोरून येत होता. जिवलीच्या घरापुढून जाताना तिने ओट्याकडे बघितलं, तिथे पाहुण्यांच्या चपला पडल्या होत्या. पाड्याच्या लेखी जिवली भादव्यात गेली होती. राहीची जिवली त्या संध्याकाळी गेली.